कोमट पाण्यातला बाळकृष्ण

घमापूर, जबलपूर
१५ नोव्हेंबर १९४२

आत्या,

पाया पडतो. पडलो असं समजून घे, कारण तुझे पाय आर्वीत अन् मी इथं.

कारखान्यात काम तेच, तोफगोळ्यांच्या लाकडी पेट्या. आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. ती बाजाराला जायची अन् संध्याकाळी आपल्या डोळ्यांपुढं परत यायची. माझी पेटी एकदा खिळे ठोकून गेली की बोटीत बसते अन् मिसर देशात उतरते म्हणतात. पेटी मिसर पाहते अन् गुणवंत घमापूर पाहते. सकाळी भोंगा, संध्याकाळी भोंगा. माझ्या बाजूला बळीराम म्हणून एक पोट्टा रंधा मारते, पनागरच्या टांगेवाल्याचा. तोही माझ्यासारखाच बेचैन, पण तो गाणी म्हणते, मी म्हणत नाही. एवढाच फरक.

खोली विनताबाईंकडं आहे. माणसं आपलीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून अर्धं हिंदीत रागावतात. "भैया, लालटेन बुझवून झोपत जा ना, तेल काय तुझी सरकार देते?" पण जेवायला घालतात, म्हणून मी ऐकून घेतो.

आता मुद्द्याचं. माझ्या मनात एक गोष्ट आहे. ती झालीच पाहिजे. काय ते विचारू नको, मनातलं बोलून दाखवलं की फळत नाही हे तूच शिकवलं. तू फक्त बाळकृष्णाला पाण्यात घाल. मला देवी निघाल्या होत्या तेव्हा घातला होतास, बरं वाटेपर्यंत बाहेर काढला नाहीस, अन् मी वाचलो. म्हणजे कोरड्यात बसून त्याला ऐकू येत नाही, पाण्यात येते.

तुझा
गुणवंत


आर्वी
९ डिसेंबर १९४२

गुणवंता,

शंभर वर्षं जग, पण त्यातली थोडी आर्वीत काढ.

एकादशी पाहून बाळकृष्णाला तांब्याच्या गंगाळात घातलं. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला की गुणवंताच्या मनात जे आहे ते होऊ दे, तोवर तुला कोरडा करणार नाही अन् मी भाताला शिवणार नाही. तू सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण मी काही खुळी नाही. नोकरी पक्की व्हावी हेच असणार. का तिकडची एखादी पाहून ठेवली? तसं असलं तरी चालते. सुताराची असू दे म्हणजे झालं.

शेजारच्या बाबारावांची सून शरयू भिंतीवरून पाहून हसते. म्हणते, "आत्याबाई, एवढ्या थंडीत त्या रांगत्या पोराला पाण्यात काहून बसवलं?" म्हणून आता पाणी कोमट करून घालते. त्याला अडचण झाली पाहिजे, सर्दी नाही.

एक ध्यानात ठेव. एका पाण्यात एकच मागणं. तुझं होईपर्यंत या घरात दुसरं काही मागता येत नाही. तसं मला काही मागायचंही नाही.

तुझ्या पत्रात चुका फार. तू चौथीत शाळा सोडली, पाटी घरी राहिली, तिच्यावर मी अक्षरं गिरवली. म्हणून मला दिसतात.

आत्या


घमापूर
२ एप्रिल १९४३

आत्या,

नमस्कार म्हणून हात जोडतो, पण आधी वाच अन् मग रागाव.

सांगून टाकतो. न सांगून तरी कुठं फळलं? मी भरती ऑफिसात गेलो होतो. मला फौजेत जायचं आहे. मारामारी करायला नाही गं, मोटार हाकायला. मोटार येत नसली तरी ते शिकवतात. बोटीत बसवतात, खाकी कपडे देतात, अन् जग दाखवतात, अन् वरून पगार देतात. असं दुसरं कोण करते?

डॉक्टरनं दोरी घेऊन छाती मोजली. म्हणे, "ये छाती है कि पापड?" सगळी रांग हसली. मी म्हटलं, साहेब, लाकूड उचलून पाहा माझ्यासोबत. त्यानं माझ्याकडं न पाहता पुढच्याला बोलावलं.

मी पुन्हा जाणार. केळी खाऊन राहिलो, दम भरायची सवय करून राहिलो. विनताबाई म्हणतात, भैया, फुग्यासारखा फुगून काहून बसतोस? मी माझ्या बाजूनं करतोच आहे. तू देवाला जरा जोर लाव.

गुणवंत


आर्वी
२० एप्रिल १९४३

गुणवंता,

आशीर्वाद आहे. तो कशाला आहे ते मात्र लिहीत नाही.

पत्र वाचलं. मग देवापुढं बसले अन् पुन्हा वाचलं, त्यालाही ऐकू जाईल असं. म्हणजे भात सोडून, देव बुडवून, एवढे दिवस मी माझ्या भावाच्या एकुलत्या पोराला लढाईवर पाठवायला बसले होते. दुसरं कोणी नाही, मीच.

बाबारावांकडं गेले. विचारलं, संकल्प मागं घेता येते काय? ते म्हणाले, "अनसूयाबाई, हातावरून सोडलेलं पाणी परत हातात घेता आलं असतं तर लोकांनी देवाला वेड लावलं असतं." म्हणजे नाही.

आता रोज सकाळी पाणी बदलते, कोमट घालते अन् सांगते, बाळा, घाई नाही. तुला पुष्कळ कामं. लढाई चालू आहे, लोक किती मागून राहिले असतील. आमचं सावकाश पाहा. नाही पाहिलं तरी मी कोणाजवळ बोलणार नाही. तो बिचारा काय करेल सांग. मागणं तुझं, भ्याव माझं, अन् दोन्ही एकाच गंगाळात.

तुला पापड म्हणणाऱ्या डॉक्टरला देव सुखी ठेवो.

अक्षर मोठं दिसेल. शाई पातळ भेटते, बारीक लिहिलं की पसरते.

आत्या


घमापूर
११ ऑक्टोबर १९४३

आत्या,

यावेळी छाती भरली. डॉक्टर म्हणाला, ठीक. बाबूनं विचारलं, काम कुठं करतोस? मी खरं बोललो. म्हणे, कारखान्याचं काम लढाईचं काम आहे, लढाईचं काम करणाऱ्याला लढाईवर सोडता येत नाही. मी म्हटलं, साहेब, पुन्हा एकदा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं, अन् बाहेर काढलं. अर्ज मात्र ठेवून घेतला.

अन् बळीराम गेला. माहीत आहे कसा? कारखान्याचं नावच नाही काढलं. टांगेवाल्याचा पोरगा आहे म्हणाला. त्यांनी विचारलं, खेचर हाकशील? म्हणे, हाकीन. झालं. तो कधी नारळ फोडत नाही, एकादशीला अंडी खाते, मारुतीच्या देवळापुढून जाताना बिडीसुद्धा विझवत नाही. त्याचा बाप तेवढा पनागरच्या देवीला लोटांगण घालून रडून राहिला, पोरगा परत येऊ दे म्हणून. बळीराम मला म्हणाला, "यार, तेरी बुआ इतनी मेहनत कर रही है, मेरा ही नाम ले लेती."

खरं बोललो तो इथं, खोटं बोलला तो बोटीत. अन् तू वर्षभर त्या पितळेला पाणी पाजून राहिली. बाहेर काढ त्याला. तो ऐकत नाही, अन् ऐकत असला तर हसते. मी आता देवळात जात नाही. रविवारी नर्मदेवर जातो, पण पोहायला.

अन् तुझी शाई अजून पातळच आहे काय? एका कागदावर तीन ओळी मावतात. अक्षरं की बैल? एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात.

गुणवंत


आर्वी
१८ जानेवारी १९४४

गुणवंतभाऊ,

शेजारच्या शरयूचा नमस्कार. हे पत्र आत्याबाईंना न सांगता लिहिते, तेव्हा उत्तरात माझं नाव काढू नका.

तुमचं मागचं पत्र मीच वाचून दाखवलं. बैलाचं आलं तिथं मी थांबले. त्या म्हणाल्या, "वाच ना, थांबलीस काहून?" वाचलं. त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "त्याला लिहू नको हं."

त्यांना दिसत नाही, भाऊ. आधी धूसर होतं, आता उजेड अन् सावली तेवढी समजते. परवा आमच्या गोठ्याच्या खांबाला "या बाबाराव" म्हणाल्या. मामंजी मागंच उभे होते, त्यांनी खांबाच्या वतीनं "हो" म्हटलं. काल देवाचं पाणी कढत झालं, त्यांना कळलं नाही. हात भाजला. तो हात तसाच धरून आधी देवाला चाचपून पाहत होत्या.

डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकला, कापला तर दिसेल, उशीर करू नका. नागपूर जवळ आहे, पण तिथं त्यांचं कोणी नाही. मी म्हटलं, निदान देवाला तरी सांगा. तर म्हणतात, "एका पाण्यात एकच मागणं. आत्ता गुणवंताचा नंबर आहे."

शरयू


घमापूर
३० जानेवारी १९४४

आत्या,

पाय धरतो. यावेळी खरंच धरले असते.

कोणी सांगितलं ते विचारू नको. शाई पातळ म्हणे. मी बैल म्हटलं अन् तू हसलीस म्हणे. मला आपल्याच कानाखाली वाजवावीशी वाटून राहिली.

ऐक. इथं मोठं इस्पितळ आहे, डोळ्याचा डॉक्टर आहे. विनताबाई स्वतः जाऊन विचारून आल्या. म्हणतात, "आत्याजींना घेऊन ये, मैं हूँ ना. तू तर नुसता फुगा." होळी झाली की रजा काढतो अन् तुला न्यायला येतो. ऑपरेशन होईपर्यंत मी खाटेजवळून हलणार नाही.

अन् देवाला बाहेर काढ. माझं मागणं मी परत घेतो. माझं मागणं, मी मागितलं, मीच नको म्हणतो. बाळकृष्णाला सांग, गुणवंताला कुठं जायचं नाही, त्याला आत्याचे डोळे पाहिजेत. आता ते पाणी त्यासाठी. आज कितीतरी दिवसांनी मारुतीपुढं उभा राहिलो. मागच्या वेळी एवढं बोललो होतो की तोंड दाखवायला लाज वाटली.

गुणवंत


आर्वी
१४ फेब्रुवारी १९४४

गुणवंता,

मी सांगते अन् शरयू लिहिते. जिनं सांगितलं तिनंच आता लिहावं, हीच तिला शिक्षा.

देव काय आठवडी बाजार आहे, सकाळी वांगी घेतली अन् संध्याकाळी परत केली? संकल्प आहे. पुरा होईपर्यंत तो पाण्यातच राहील. पण तू काळजी करू नको. तो एवढे दिवस ऐकत नाही, आता होळीपर्यंत काय ऐकते! तू ये. मी येते तुझ्यासोबत. गंगाळ मांडीवर घेऊन गाडीत बसते, इटारसीला गाडी बदलताना तू फक्त पाणी सांडू देऊ नको.

खरं सांगू? तू येणार हे ऐकलं अन् मला तुझं तोंड कसं आहे ते आठवेना. मिशी ठेवली काय? डोळा झाला की पहिलं ते पाहीन.

आत्या


घमापूर
११ मार्च १९४४

आत्या,

देवानं ऐकलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, अंगावरचा रंग निघाला नव्हता, फोरमननं बोलावलं. म्हणे, वरून हुकूम आला, फौजेला सुतार पाहिजेत. ज्यांचे अर्ज आहेत त्यांना आधी सोडा. अर्ज कोणाचा? गुणवंताचा. मी म्हटलं, साहेब, तो जुना आहे, फाडून टाका. म्हणे, "कल तक तो तू दरवाजा तोड़ रहा था, आज डर गया?" मी आत्याचे डोळे सांगितले. म्हणे, डोळे सगळ्यांच्याच आत्याला असतात.

मग तपासणी. जेवण सोडलं होतं, खोकलो, पाय फेंगडे टाकले. दोरी लावली तेव्हा सगळा दम सोडून दिला. डॉक्टर तोच. दोरीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पाठीवर थाप मारली, म्हणे, "शाबाश, आजकल सब चलता है." जेव्हा जायचं होतं तेव्हा पापड, जेव्हा पापड झालो तेव्हा शाबाश. कागदावर सही घेतली. आता नाही म्हटलं तर तुरुंग.

परवा गाडी आहे. आर्वीला जाऊ देत नाहीत. मी अर्धी रात्र बसून होतो, दुसरं काही नाही, नुसता विचार करत की त्यानं नेमकं आत्ताच काहून ऐकलं. तुझ्या गंगाळाजवळ एवढे दिवस कोणी नव्हतं काय? बाबारावांना हात जोडून लिहिलं आहे, ते तुला इथं घेऊन येतील. विनताबाई स्टेशनवर उभ्या राहतील. खोलीची किल्ली त्यांच्याजवळ आहे.

मिशी ठेवली आहे.

गुणवंत


आर्वी
२५ मार्च १९४४

गुणवंता,

हे पत्र कुठं पाठवायचं ते शरयूलाही समजत नाही. विनताबाईंच्या पत्त्यावर टाकते, त्या पुढं पाठवतील.

काढला त्याला. पदरानं पुसला, तेल लावलं, कोरडं झबलं घातलं. बोललं होतं म्हणून पुरणाचा नैवेद्य केला. साखर कंट्रोलची, गूळ शरयूनं दिला, पुरण तिनं वाटलं, मी नुसती बसून होते. आरती म्हणताना मध्येच थांबले. शरयूला वाटलं रडते. रडत नव्हते. पुढचं आठवत नव्हतं.

लोक म्हणतात, आत्याबाई, तुमचं गाऱ्हाणं पोचलं. मी हो म्हणते. पोचलं हे खरंच आहे.

बाबाराव पुढच्या सोमवारी मला घेऊन निघतात.

आत्या


फौजी पोस्ट
३ सप्टेंबर १९४४

आत्या,

पाया पडतो. मी जिवंत आहे, ताप येऊन गेला. आम्ही ████████ ला बोटीनं उतरलो. मिसर नाही. इथं ██████ अन् चिखल, अन् रात्रंदिवस ████.

मला वाटलं होतं बंदूक देतील, नाही तर मोटार. हातोडी दिली. वरून पेट्या येतात, त्या उघडायच्या. परवा एक उघडली, फळीच्या आतल्या बाजूला माझीच पेन्सिलची खूण. एवढं जग फिरून मी माझ्याच हातचे खिळे उपटून राहिलो.

जग पाहिलं. पुरे झालं. इथं कोणी अल्लाला बोलावते, कोणी गुरूला, कोणी येशूला, अन् वरून विमान आलं की सगळे आपापल्या आईला. माझ्या तोंडून "आत्या" निघते.

तुझा डोळा कसा आहे? विनताबाई लिहितात "सब ठीक", पण त्या सगळ्यालाच ठीक म्हणतात.

एक मागतो, नाही म्हणू नको. बाळकृष्णाला पुन्हा पाण्यात घाल. यावेळी मनातलं मनात ठेवत नाही, उघड सांगतो. मला घरी यायचं आहे. त्याला सांग, परत आण. मागं जे बोललो ते पोरखेळ होता. पाणी थंड असलं तरी चालते.

गुणवंत


घमापूर, जबलपूर
१२ नोव्हेंबर १९४४

गुणवंता,

जप स्वतःला. हे अक्षर माझं आहे, अन् मोठं नाही.

उजवा डोळा झाला. डावा थंडीनंतर करू म्हणतात. पट्टी निघाली तेव्हा पहिल्या विनताबाई दिसल्या. आवाजावरून मी त्यांना गोऱ्यापान धरून चालले होते. तसं बोलले मी. त्या म्हणाल्या, "अब जैसी हूँ वैसी हूँ आत्याजी, चालवून घ्या." चष्मा असा जाड की वरणातला एक दाणा आवळ्याएवढा दिसते. तुझ्या खोलीत राहते. सकाळी तुमचा तो भोंगा होते अन् मी दचकून उठते, जसं काही मलाच कामावर जायचं आहे.

विनताबाई रोज एकच विचारतात. डोळा देवानं दिला की डॉक्टरनं? मी काय सांगू? डोळ्यासाठी मी त्याच्याजवळ चकार शब्द काढला नव्हता. जे मागितलं ते झालं, अन् ते असं झालं. जे मागितलं नाही ते हे झालं. मला यातून काही उलगडत नाही, अन् मी आता उलगडायला बसतही नाही.

तू म्हणतोस देवाला पाण्यात घाल. मी घातला नाही. रागावू नको, पुढचं वाच. तुझं पत्र आलं तसं गंगाळ काढलं, पाणी भरलं, त्याला हातात घेतलं. तेवढ्यात पनागरचा बळीराम आला, तुझी चौकशी करायला. फौजेनं घरी पाठवला. उजवा पाय नाही. काखेत काठी, तोंडात बिडी, अन् गाणंही तेच. म्हणाला, "आत्याजी, बाबाने देवी से बस मेरा वापस आना माँगा था." असं म्हणून हसला. मी त्याला बसवलं, चहा दिला, अन् बाळकृष्णाला परत जागेवर ठेवलं.

आता कोणत्या शब्दात मागू सांग. परत आण म्हणू? धड आण म्हणू? मग लवकर राहून जाईल. लवकर म्हणू तर आणखी काही राहील. मागच्या वेळी मी "मनात जे आहे ते" म्हटलं होतं, अन् त्यानं एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. मला आता त्याची भीती नाही वाटत, माझ्या तोंडाची वाटते. म्हणून रोज आंघोळ घालते, लगेच पुसते, अन् गप्प बसते. काय पाहिजे ते त्याला दिसत असेलच. मला एका डोळ्यानं दिसते, त्याला तर दोन आहेत.

तुझ्या पत्रात गावाचं नाव काळ्या शाईनं फासलेलं आहे. मी चष्मा लावून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, कागद उलटा करून मागून पाहिलं. विनताबाईंनी बोटानं चोळून पाहिलं. नाही लागलं. मला सांगायचं नाही असं सरकारनं ठरवलं असेल तर राहू दे. बाळकृष्णाच्या डोळ्यांवर तर कोणी शाई फासली नसेल ना? तो विचारल्याचं उत्तर देत नाही, दिलं तर भलत्या वेळी देते, हे सगळं कबूल. पण तू आत्ता कुठं आहेस, ते या खोलीत एकाला तरी ठाऊक आहे.

आत्या